जिवाणू आणि विषाणू : एका गाळणीनं केलेली वाटणी



परवा रात्री सांगलीकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं फोटो पाठवला. ढबू मिरचीचा प्लॉट, लागण होऊन चाळीस दिवस. शेंड्याची पानं आखडलेली, काही पानांवर गर्द आणि फिकट हिरवे चट्टे. खाली एकच ओळ : "काका, स्ट्रेप्टो पंपाला किती टाकू?"

मी लिहिलं, "टाकू नकोस. आधी फोन कर."

फोनवर अर्धा तास बोललो. पोरगं हुशार. शेवटी म्हणालं, "काका, जिवाणू काय आणि विषाणू काय, दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत, दोन्हीनं पीक जातंय. मग फरक काय पडतो?" प्रश्न रास्त होता. सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच कळत नव्हतं. आणि ते कोडं उलगडलं ते कुठल्या दवाखान्यात नाही, तंबाखूच्या पानात. म्हणून आजची नोंद जरा लांब आहे. निवांत वाचा.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

२०१८ च्या उन्हाळ्यात पंचवीस गुंठे टोमॅटो केला होता. महिन्याच्या आत पश्चिमेच्या कोपऱ्यातली चाळीस-पन्नास झाडं खुजी दिसायला लागली. पानं वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या. पान तोडून दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "व्हायरस आहे." आणि त्याच दमात अँटिबायोटिकच्या पुड्या हातात दिल्या. मी पण विचारलं नाही की व्हायरसला हे चालतं का. औषध मारलं. आठ दिवसांनी परत मारलं. तिसऱ्यांदा दुसरं काहीतरी मिसळून मारलं.

कारभारीण पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "ती झाडं उपटून टाका की." मी म्हटलं, "एवढा खर्च केलाय, फूल लागलंय, सुधारतील." उपटायला अर्धा तास लागला असता. महिन्याभरात अर्धा प्लॉट वळला. ते माझं नुकसान, मी सोसलं. पण बांधापलीकडं तात्यांचा तीस गुंठ्याचा प्लॉट होता, सोसायटीचं कर्ज काढून केलेला. माझ्या रानातली पांढरी माशी तिकडं गेली. त्यांचाही माल निम्म्यावर आला. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढं एका प्रशिक्षणाला गेलो, तिथं शास्त्रज्ञ साहेबांनी एका वाक्यात सांगितलं : "तुमची पुडी जिवाणूची होती, रोग विषाणूचा." मी दहावी पास माणूस. त्या दिवसापासनं ह्या दोघांची कुंडली शोधत बसलो. जे वाचलं, विचारलं, वहीत टिपलं, ते खाली देतोय.

मिरी भिजवणारा कापडवाला

सुरुवात हॉलंड देशातल्या डेल्फ्ट गावात होते. अँटनी व्हॅन ल्यूवेनहॉक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं तोंड न बघितलेला माणूस. पण स्वतःच्या हातानं काचेची बारीक भिंगं घासायचा नाद. त्याला प्रश्न पडला की मिरी तिखट का लागते? मिरीच्या कणाला टोकं असतील आणि ती जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत ठेवली आणि काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. टोकं दिसली नाहीत. दिसले ते वळवळणारे जीव, इतके बारीक की त्यानंही आधी कधी बघितले नव्हते. हे त्यानं १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. आपल्याकडं तेव्हा शिवरायांच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती.

माणसानं जिवाणू बघितल्याची ही पहिली नोंद. पण हे जीव रोग करतात हे कळायला पुढची दोनशे वर्षं गेली.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. पण ती पूर्ण संसारी आहे. स्वतःची भिंत आहे, बाहेरनं अन्न आत घेते, पचवते, त्यातनं ताकद काढते आणि वाढून मधोमध फुटते, एकाचे दोन होतात. चांगली ऊब आणि खाणं मिळालं तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबानं एकाचे दहा तासांत शंभर कोटींच्या वर. खरं वाटत नसेल तर घरातलं विरजण बघा. रात्री चमचाभर लावलं, सकाळी पातेलंभर दही. ते जिवाणूंचंच काम.

आणि सगळे जिवाणू वैरी नाहीत. दही ते करतात, शेणखत कुजवायला ते लागतात, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत तेच राहतात. रोग करणारे थोडे, कामाचे जास्त.

काळपुळीची काडी

१८७६ साली जर्मनीतल्या एका छोट्या गावचा सरकारी डॉक्टर रॉबर्ट कॉख जनावरांच्या काळपुळीच्या मागं लागला. आपल्याकडं काही भागात ह्याच रोगाला फाशी म्हणतात. धडधाकट जनावर अचानक पडतं, नाकातोंडातनं काळं रक्त येतं. मेलेल्या जनावराच्या रक्तात बारीक काड्या दिसतात, हे आधीच्या लोकांनी बघितलं होतं. पण त्या काड्याच रोग करतात की रोगामुळं त्या येतात, हा वाद होता.

कॉखनं त्या काड्या जनावराच्या अंगाबाहेर वाढवल्या. बैलाच्या डोळ्यातलं पाणी काढून त्यात वाढवल्या. मग त्या निरोगी उंदराला टोचल्या, उंदीर त्याच रोगानं मेला. वाद मिटला. शिवाय त्यानं दाखवलं की ह्या काड्या वेळ पडली की टणक बी धरून मातीत पडून राहतात. एकाच कुरणात वर्षानुवर्षं जनावरं का मरतात, त्याचं उत्तर ते होतं.

१८८० च्या आसपास अमेरिकेत इलिनॉयचे थॉमस बरिल ह्यांनी नासपतीच्या झाडाचा करपा जिवाणूमुळं होतो हे दाखवलं. म्हणजे झाडालाही जिवाणूचा रोग होतो. आपल्या डाळिंबावरचा तेल्या ह्याच जातीतला.

ह्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे : जिवाणू अंगाबाहेर वाढवता येतो. त्याला खायला घाला, तो भांड्यात पण वाढतो.

तंबाखूच्या पानावरचा ठिपका

आता परत हॉलंड. तिथं तंबाखूच्या पानावर गर्द-फिकट हिरव्या रंगाचे चट्टे यायचे, पान आखडायचं, मालाला भाव मिळायचा नाही. वागेनिंगेन गावच्या शेती संशोधन केंद्राचे प्रमुख आडोल्फ मायर. १८७९ पासून ते ह्या रोगावर काम करत होते. रंगीत फरशीच्या तुकड्यांसारखं पान दिसतं म्हणून त्यांनी त्याला मोझॅक नाव दिलं. आज आपण सगळे तोच शब्द वापरतो.

१८८६ साली त्यांनी लिहिलं की रोगट पान वाटून, त्याचा रस काचेच्या बारीक नळीनं निरोगी झाडाच्या पानाच्या शिरेत सोडला तर दहातली नऊ झाडं रोगट होतात. म्हणजे रोग जमिनीचा नाही, खताच्या कमतरतेचा नाही, तो रसातनं जातो. मायरनी त्या रसात जिवाणू शोधले. भिंगाखाली रोगाचा असा काही सापडेना. भांड्यात वाढेना. तरी त्यांनी निष्कर्ष काढला तो जिवाणूचाच. दुसरं काही असू शकतं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मला इथं आमचे वडील आठवतात. ते निपाणीच्या बाजाराला जाणारी विडीची तंबाखू करायचे. शेंडे खुडताना, बगलफूट काढताना चट्ट्याचं झाड आलं की ते सोडून पुढं जायचे. सगळं रान झालं की शेवटी त्या झाडांना हात लावायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हाताबरोबर जातंय ते." त्यांना विषाणू शब्द माहीत नव्हता. पण मायरनी काचेच्या नळीनं जे दाखवलं, ते त्यांना खुडताना कळलं होतं. आणि मी त्यांचा पोरगा, दुकानातनं पुडी घेऊन आलो.

गाळणी

१८८४ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स शांबरलाँ ह्यांनी एक गाळणी बनवली. चिनी मातीची, पण वर झिलई न दिलेली, पोकळ मेणबत्तीसारखी. आपला माठ कसा पाझरतो, तशी ती पाझरते, पण तिची भोकं इतकी बारीक की जिवाणू आत अडकतात. खाली येतं ते पाणी जिवाणूमुक्त.

दमित्री इव्हानोव्हस्की हा रशियातला तरुण. त्याला तंबाखूच्या रोगाच्या तपासाला आधी युक्रेन आणि बेसाराबियाला, पुढं क्रिमियाला पाठवलं होतं. त्यानं मोझॅकच्या पानांचा रस ह्या गाळणीतनं गाळला. हिशेबानं रस आता निर्धोक व्हायला पाहिजे. पण तो निरोगी झाडाला लावला, तर झाड रोगट! हे त्यानं १८९२ साली जाहीर केलं. पण त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना. गाळणीला चीर गेली असेल, नाहीतर जिवाणूनं रसात काहीतरी विष सोडलं असेल, असं त्यानं धरलं. समोर नवी गोष्ट उभी होती आणि त्यानं दोष गाळणीला दिला. मी त्याला हसत नाही. मी पण तीन फवारण्या वाया गेल्यावर दोष पाण्याच्या सामूला दिला होता.

तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा

मार्टिनस बायरिंक. हे नाव प्रत्येक शेतकऱ्याला माहीत पाहिजे. ह्याचा बाप तंबाखूचा व्यापारी होता, धंदा बसला. मुलगा शिकून वागेनिंगेनला मास्तर झाला, तिथं मायरनी त्याला ती चट्ट्याची पानं दाखवली होती. १८८८ साली ह्यानं शेंगवर्गीय पिकाच्या मुळावरच्या गाठीतला जिवाणू वेगळा काढून भांड्यात वाढवून दाखवला. आज आपण सोयाबीन, हरभऱ्याला चोळतो ते रायझोबियम. पुढं १९०१ साली अझोटोबॅक्टर पण त्यानंच शोधलं. म्हणजे जिवाणू वाढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आणि हाच माणूस मोझॅकच्या रसातला जिवाणू वाढवायला बसला, तर काहीच वाढेना. त्यानं पण तो रस चिनी मातीच्या गाळणीतनं गाळला. तरी रोग होतच राहिला. मग त्यानं इव्हानोव्हस्कीपेक्षा एक पाऊल पुढं टाकलं. हे साधं विष आहे का, हे कसं ठरवायचं?

आपल्या भाषेत सांगतो. पातेल्यात चमचाभर मीठ टाका. त्यातलं चमचाभर पाणी दुसऱ्या पातेल्यात, त्यातलं तिसऱ्यात टाका. दोन-तीन पातेल्यांतच चव जाते. कारण मीठ वाढत नाही, विरळ होतं. पण विरजण पहिल्या पातेल्यातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात असं कितीही दूर न्या, दही लागतंच. कारण ते वाढतं. बायरिंकनं गाळलेला रस एका झाडाला लावला, त्या झाडाचा रस दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला. रोगाचा जोर कमी होईना. म्हणजे हे मीठ नाही, विरजण आहे. विष नाही, वाढणारी वस्तू आहे.

पण ती वाढते कुठं? भांड्यात नाही. जून पानात पण नाही. वाढते फक्त कोवळ्या, वाढत्या पेशीत. म्हणजे स्वतः वाढत नाही, झाडाची वाढ वापरते. १८९८ साली त्यानं हे लिहिलं आणि त्या वस्तूला 'सजीव संसर्गी द्रव' म्हटलं, आणि व्हायरस हा शब्द वापरला. व्हायरस हा लॅटिन शब्द, अर्थ विष. आपल्या मराठीत विषाणू, म्हणजे विष आणि अणू. जिवाणूत जीव आहे, विषाणूत विष. ज्यांनी हे दोन शब्द घडवले त्यांनी फरक नावातच सांगून ठेवलाय, आपण वाचत नाही एवढंच.

गंमत अशी की त्याच १८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रोश ह्या दोघांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकुताचा रोगपण गाळणीतनं आरपार जातो हे दाखवलं. म्हणजे झाडाचा पहिला विषाणू तंबाखूत सापडला आणि जनावराचा पहिला आपल्या गोठ्यातल्या रोगात. गाळणीनं वाटणी केली : वर राहिला तो जिवाणू, खाली उतरला तो विषाणू.

दांडकं दिसलं

बायरिंकचं अर्धं बरोबर होतं, अर्धं चूक. विषाणू हा द्रव नाही. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ले ह्यांनी रोगट तंबाखूच्या रसातनं तो वेगळा काढला, तर त्याचे मिठासाखरेसारखे स्फटिक झाले. लोक चक्रावले. सजीव वस्तूचे स्फटिक कसे होतील? पण ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानाला चोळले की मोझॅक परत हजर. लगेच पुढच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी ह्यांनी दाखवलं की त्यात प्रथिनाबरोबर आरएनए पण आहे. १९३९ साली जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. सरळ बारीक दांडकं.

त्या दांडक्याचं माप सांगतो. लांबी अशी की तीन हजारांवर दांडकी टोकाला टोक लावली तर एक मिलिमीटर होईल. जाडी अशी की पन्नास हजारांवर एकमेकाला चिकटून ठेवली तर एक मिलिमीटर. म्हणून ते गाळणीतनं निसटलं. बाहेरनं प्रथिनाचं आवरण, आत आरएनएचा एक धागा. बस्स. त्या धाग्यावर लिहिलेलं असतं : माझ्यासारखी आणखी दांडकी बनवा.

आता फरक नीट समजेल. जिवाणू म्हणजे वेगळी चूल मांडलेलं घर. लहान असेल, पण स्वतःचं जळण, स्वतःचा तवा, स्वतःची भाकरी. विषाणूला चूलच नाही. तो पाकिटात घातलेली चिठ्ठी आहे. बाहेर पडून राहिला तर खात नाही, पित नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पेशीत शिरला की ती चिठ्ठी पेशी स्वतःचा हुकूम समजून वाचते, आणि स्वतःच्या चुलीवर त्याच्या भाकरी थापत बसते. त्याला सजीव म्हणायचं का नाही, ह्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

मग औषध का लागू पडत नाही

स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली अमेरिकेत मातीतल्याच एका जिवाणूपासनं मिळालं. माणसाच्या क्षयरोगावर ते पहिलं मोठं औषध ठरलं. ते करतं काय? जिवाणूच्या चुलीवर प्रथिनं बनवायचं जे यंत्र असतं, त्यात खुट्टी मारतं. चूल बंद, जिवाणू मरतो. विषाणूला चूलच नाही, तर खुट्टी मारणार कुठं? तो झाडाची चूल वापरतोय. ती बंद करणारं औषध दिलं तर झाडच मरेल. म्हणून विषाणू शिरलेल्या झाडाला बरं करणारी फवारणी आज बाजारात नाही. बोर्डो आणि ताम्रयुक्त औषधं बुरशीला, काही जिवाणूंना अटकाव करतात. विषाणूला त्यांचाही उपयोग नाही.

उलट नको तिथं अँटिबायोटिक मारलं की रानातले कमजोर जिवाणू मरतात आणि न मरणारे तेवढे उरतात, वाढतात. मग खरंच जिवाणूचा रोग आला की औषध चालत नाही. आणि ही औषधं माणसांच्या दवाखान्यातली पण आहेत, हे विसरू नका.

तुम्ही म्हणाल, २०२२ ला लंपी आला तेव्हा डॉक्टरांनी जनावराला अँटिबायोटिक दिलंच की. दिलं. लंपी विषाणूचा, पण गाठी फुटून जखमा झाल्या की त्यात जिवाणू शिरतात. इंजेक्शन त्या जिवाणूसाठी होतं. विषाणूला रोखलं ते लसीनं. लस म्हणजे अंगाला आधीच वैऱ्याची ओळख करून देणं. बुळकांडी असाच विषाणूचा रोग, जुन्या लोकांना आठवत असेल, गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. लसीच्या जोरावर २०११ साली ती जगातनं संपल्याचं जाहीर झालं. पण झाडाला जनावरासारखी लस टोचता येत नाही. त्याच्यासाठी बाहेरचीच राखण.

अजून एक. २०२० च्या उन्हाळ्यात नगर-पुणे भागात टोमॅटोच्या फळावर पिवळे-लाल चट्टे आले, लोकांनी तिरंगा नाव ठेवलं. कोरोनाचे दिवस होते, टोमॅटोतनं माणसाला रोग होतो अशी अफवा उठली. तपासणीत प्रामुख्यानं निघाला काकडीवरचा मोझॅक विषाणू. विषाणूची चिठ्ठी ज्या त्या जातीच्या पेशीलाच वाचता येते. झाडाचा विषाणू खाऊन माणूस आजारी पडत नाही.

रानात ओळखायचं कसं, करायचं काय

टोमॅटोचं, वांग्याचं झाड हिरवंच्या हिरवं अचानक माना टाकत असेल तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातनं दुधाच्या बारीक धारेसारखं खाली उतरलं तर जिवाणूची मर. काही उतरलं नाही तर बुरशीची मर, नाहीतर दुसरं कारण शोधा.

पान आखडलंय, वाटीसारखं वळलंय, चट्टे किंवा पिवळ्या शिरा आहेत, शेंडा खुजा आहे, पण झाड सुकत नाही, तर विषाणूचा संशय धरा. मिरचीचा बोकड्या, भेंडीचा केवडा असाच. मात्र कोळी आणि फुलकिड्यांनी, तणनाशकाच्या वाऱ्यानं पण पान वळतं, म्हणून पान उलटं करून बघा आणि जाणत्याला दाखवा.

विषाणूला पाय नाहीत. त्याला न्यायला कुणीतरी लागतं. टोमॅटोचा पर्णगुच्छ पांढरी माशी नेते, आणि एकदा घेतला की ती बरेच दिवस पसरवत राहते. काकडीवरचा मोझॅक मावा नेतो, तो तर काही सेकंद सोंड खुपसली तरी घेऊन जातो. औषध लागून मावा मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. म्हणून सुरुवात तरूपासनं. रोपवाटिकेला बारीक जाळी, कडेनं मका किंवा ज्वारीच्या ओळी, पिवळे-निळे चिकट सापळे, बांधावरचं तण साफ. आणि पहिली दहा-वीस झाडं दिसली की त्याच दिवशी वरनं पिशवी घालून, माशी न उडवता, मुळासकट काढून लांब पुरायची. अर्धा प्लॉट गेल्यावर उपटण्यात अर्थ राहत नाही.

आणि तंबाखूच्या मोझॅकला न्यायला किडा लागत नाही. तो आपल्या हातानं जातो. वाळलेल्या पानातही तो टिकून राहतो, म्हणून खायच्या तंबाखूत पण असू शकतो. तंबाखू मळली, हात तसाच टोमॅटो-मिरचीच्या तरूला लावला, झालं काम. मी स्वतः खातो, म्हणून सांगतोय. आमच्या शेडनेटच्या दारात आता बादली आणि साबण ठेवलाय. बायका लागणीला आल्या की आधी हात धुतात. पहिल्यांदा हसल्या, आता सवय झाली.

त्या सांगलीकडच्या पोरानं काल संध्याकाळी फोटो पाठवला. बावीस झाडं निघाली, दोन पिशव्या भरल्या. प्लॉट वाचेल का, मी त्याला सांगू शकलो नाही. पण शेजाऱ्यालाही सांगून आलाय म्हणाला. ते बरं केलं.

मी पण आता तेच करतो. ह्या हंगामात माझ्या टोमॅटोत तीन झाडं वळलेली दिसली. उपटली आणि तसाच बांध ओलांडून तात्यांकडं गेलो. म्हटलं, "तात्या, माझ्यात तीन सापडली, काढली. तुमचं पण एकदा फिरून बघा." तात्यांनी पिशवीकडं बघितलं. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलले, "तवाच उपटली असतीस तर बरं झालं असतं."

"व्हय तात्या," म्हटलं. दुसरं काय बोलणार?

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि हात पुढं करून म्हणाले, "काढ तंबाखू." दिली. आणि म्हटलं, रानात शिरायच्या आधी बादलीकडनं या.

तुमच्या भागात ह्या वर्षी पांढऱ्या माशीचं काय चाललंय, लिहून कळवा. पुढच्या नोंदीत बुरशीचं बघू.